घराचा हक्क आणि घराची आठवण : म्हैसूर परिसरातील कथासाहित्य आणि 'श्यामची आई'

१

स्वातंत्र्योत्तर भारतीय कादंबरीची चर्चा करताना कुटुंबसंस्थेच्या विघटनाचा उल्लेख हमखास येतो. एकत्र कुटुंब मोडले, गाव सुटले, शिकलेला मुलगा शहरात स्थिरावला आणि मागे राहिलेल्या वडीलधाऱ्यांशी त्याचे नाते दुरावले, अशी ही मांडणी असते. तिच्यात तथ्य आहे. परंतु तिची दृष्टी बहुधा मुलाची असते. घर सोडणारा तो, घर आठवणारा तो, आणि परत आल्यावर घर न ओळखणाराही तोच. आई-बाप हे त्या घराचेच एक अंग, माजघरातल्या खांबासारखे जागच्या जागी उभे आहेत, असे गृहीत धरले जाते. आपण ज्या घरात आयुष्य काढले ते आपले आहे काय, असा प्रश्न आई-बापांनाही पडू शकतो, ही शक्यता समीक्षेने फारशी विचारात घेतलेली नाही.

हा प्रश्न नेटाने विचारणाऱ्या कथासाहित्याचा एक महत्त्वाचा भाग म्हैसूर शहर आणि त्याचा परिसर यांच्याशी निगडित आहे. एस. एल. भैरप्पा यांची 'वंशवृक्ष' ही कन्नड कादंबरी १९६५ साली प्रसिद्ध झाली, आर. के. नारायण यांची 'द व्हेंडर ऑफ स्वीट्स' ही इंग्रजी कादंबरी १९६७ साली. पहिलीचे कथानक नंजनगूड आणि म्हैसूर या दोन गावांमध्ये घडते. दुसरीचे गाव मालगुडी, म्हणजे कल्पित; परंतु तिच्या लेखकाच्या आयुष्याचा मोठा काळ म्हैसुरात गेला, आणि यादवगिरी भागातील त्याचे घर २०१६ सालापासून स्मारक म्हणून खुले झाले आहे. दोन वर्षांच्या अंतराने आलेल्या या दोन कादंबऱ्यांच्या शेवटी कुटुंबातील वडीलधारा पुरुष आपण होऊन घर सोडतो. यांच्या शेजारी साने गुरुजींची 'श्यामची आई' (१९३५) ठेवून पाहिली, तर तुलनेला एक वेगळे परिमाण मिळते. कारण तेथे घर सोडले जात नाही, ते कर्जापायी हातचे जाते.

या कृतींमधील परस्परप्रभावाचा शोध घेणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू नाही. त्यांच्यात एक समान रचना दिसते, तिच्याकडे लक्ष वेधावयाचे आहे. घराचा हक्क आणि घराची आठवण या दोन गोष्टी या कृतींत एकाच व्यक्तीजवळ क्वचितच नांदतात. ज्याच्याजवळ हक्क, त्याला पुष्कळदा घराची खरी हकीकत ठाऊक नसते. जिच्याजवळ ती हकीकत, तिला हक्क नसतो. आणि आई किंवा बाप त्या घरचे होते की नव्हते याचा अखेरचा निर्णय हक्काच्या कागदावरून होत नाही. घराची हकीकत कोणी, कोणाला आणि केव्हा सांगितली, यावर तो ठरतो.

२

प्रथम शब्दांचा विचार करणे उपयुक्त होईल. मराठीतील 'घर' आणि 'घराणे' यांच्यात जे नाते आहे तेच कन्नडमधील 'मने' आणि 'मनेतन' यांच्यात आहे. घर ही वास्तू, घराणे ही परंपरा. वास्तू पडली तरी घराणे टिकते आणि घराणे खुंटले तरी वास्तू उभी राहते. परंतु दोन्ही भाषांत 'घराणे' हा शब्द पुरुषाच्या बाजूने मोजला जातो. स्त्रीसाठी मराठीत 'माहेर' आणि 'सासर' असे दोन शब्द आहेत. कन्नडमध्ये माहेराला 'तवरु' किंवा 'तवरुमने' म्हणतात, आणि त्या शब्दाभोवती ओव्या-गाण्यांचे तेवढेच दाट आर्द्र वलय आहे. पुरुषाच्या घराला मात्र असे विशेषण लागत नाही. ते नुसते 'घर'. म्हणजे स्त्रीच्या आयुष्यातील दोन घरांना दोन नावे आहेत, पण तिच्या स्वतःच्या घराला नाव नाही. तीच स्त्री आई झाली की जुन्या मराठीत नवरा तिलाच 'कुटुंब' म्हणू लागतो. भाषा तिला घराचे नाव देते, हक्क देत नाही.

ही विसंगती कायद्यातही उतरली होती. ब्रिटिश हिंदुस्थानातील १८५६ च्या विधवाविवाहाच्या कायद्याने पुनर्विवाह वैध ठरविला, हे सर्वपरिचित आहे. त्याच कायद्याच्या पुढील कलमांकडे साहित्याच्या अभ्यासकांचे लक्ष कमी जाते. पुनर्विवाह केलेल्या स्त्रीचा मृत पतीच्या मिळकतीवरील हक्क तेथे संपुष्टात आणला होता. आणि पहिल्या पतीच्या अज्ञान मुलांचे पालकत्व त्याच्या बापाला, आजोबाला किंवा अन्य नातलगाला मिळावे म्हणून न्यायालयाकडे अर्ज करण्याची सोयही ठेवली होती. स्त्रीला दुसरे घर मिळू शकत होते, पण त्यासाठी पहिल्या घरातील आईपण पणाला लागत होते. मराठी कादंबरीचा आरंभ ज्या 'यमुनापर्यटना'ने झाला असे मानतात, ते बाबा पदमनजींचे पुस्तक या कायद्याच्या पुढच्याच वर्षी, १८५७ साली आले आणि त्याचा विषयही विधवांची स्थिती हाच होता. म्हैसूर हे संस्थान. तेथील कायदे निराळे होते, आणि हिंदू स्त्रियांच्या मिळकतीच्या हक्कांविषयी तेथे १९३३ सालीच कायदा झाला होता. तथापि मूल कोणाचे, या प्रश्नाचे उत्तर कायद्याच्या पुस्तकात मिळाले तरी मनाला पटते असे नाही. 'वंशवृक्ष'चे कथानक याच न पटण्यातून वाढते.

३

नंजनगूड हे कपिला नदीच्या काठचे तीर्थक्षेत्र. म्हैसूरपासून पंचवीसेक किलोमीटरांवर. तेथील श्रीनिवास श्रोत्री हे विद्वान, आचारनिष्ठ आणि स्वभावाने उदार गृहस्थ. त्यांचा तरुण मुलगा कपिलेत बुडून मरण पावतो. मागे सून कात्यायनी आणि तिचे तान्हे मूल राहते. नवऱ्याचे अपुरे राहिलेले शिक्षण आपण पुरे करावे, अशी इच्छा कात्यायनी व्यक्त करते आणि श्रोत्री तिला संमती देतात. ती म्हैसूरच्या कॉलेजात जाऊ लागते. तेथे राजा या तरुण प्राध्यापकाशी तिचा स्नेह जडतो. ती त्याच्याशी विवाह करून म्हैसुरात संसार थाटते. मुलगा चीनी नंजनगूडच्या घरात आजोबांजवळ राहतो.

मुलाला आपल्याजवळ नेण्यासाठी कात्यायनी सासरच्या घरी येते, तो प्रसंग कादंबरीच्या मध्यभागी आहे. श्रोत्रींची भूमिका येथे स्पष्ट होते: मूल हे आईचेही नाही आणि बापाचेही नाही, ते वंशाचे आहे. या भूमिकेमागे धर्मशास्त्रातील बीज आणि क्षेत्र यांचा जुना विचार उभा आहे. मात्र श्रोत्री तिला अडवीत नाहीत; निर्णय तिच्यावर सोपवतात. कात्यायनी मुलाला न घेताच परत फिरते. तिचे हे परत फिरणे म्हणजे श्रोत्रींचा सिद्धान्त तिने मान्य केला असे नव्हे. त्या घरातील एक गोष्ट तिला बळाने उचलून नेता येईना, एवढेच त्यातून दिसते. पुढे तिचे गर्भ टिकत नाहीत. पुढे ती ज्या कॉलेजात शिकवते तेथेच चीनी विद्यार्थी म्हणून येतो, आणि तरीही तिला आई म्हणून स्वीकारत नाही. आई आणि मुलगा एकाच वर्गात, एकाच छताखाली, पण एका घरात नाहीत, ही रचना भैरप्पांनी किती विचारपूर्वक केली आहे हे लक्षात घेण्यासारखे आहे. नंजनगूडच्या घराची आठवण कात्यायनीजवळ आहे. चीनीजवळ त्या घराचा वारसा आहे. दोहोंना जोडणारे शब्द मात्र कोणीच उच्चारलेले नाहीत.

यानंतर येणारे रहस्योद्घाटन कादंबरीच्या अर्थाला निर्णायक कलाटणी देते. ज्या वंशाच्या नावाने श्रोत्रींनी नातवाला आईपासून वेगळे ठेवले, त्या वंशाचे रक्त आपल्याच अंगात नाही, हे वृद्ध श्रोत्रींना जुन्या कागदपत्रांवरून कळते. मिळकत भावाकडे जाऊ नये म्हणून त्यांच्या वडिलांनी परपुरुषाकरवी पत्नीला अपत्य होऊ दिले होते. येथे एक सूक्ष्म मुद्दा आहे. शास्त्रांत क्षेत्रज पुत्राची तरतूद आहे. नियोगाची उदाहरणे महाभारतात प्रसिद्ध आहेत. कलियुगात तो वर्ज्य ठरविला गेला असला तरी श्रोत्रींसारख्या व्युत्पन्न माणसाला मनाचे समाधान करण्यापुरता आधार सहज सापडला असता. किंबहुना बीजापेक्षा क्षेत्राच्या स्वाम्याला महत्त्व देणारा जो विचार त्यांनी कात्यायनीपुढे मांडला होता, तोच स्वतःला लावला असता तर घरावरील त्यांचा हक्क शाबूत राहिला असता. ते हा आधार घेत नाहीत. लोभातून झालेल्या कृत्याला धर्माचे नाव देणे त्यांना शक्य होत नाही. ज्या मिळकतीसाठी हे घडले ती मिळकत आपली नव्हे, असा निर्णय करून ते सर्वस्वाचा त्याग करतात आणि घराबाहेर पडतात.

वाटेत म्हैसुरात ते कात्यायनीच्या घरी पोचतात तेव्हा ती मरणशय्येवर असते. चीनीला तिची खरी ओळख तेथे पटविली जाते आणि तो तिला शेवटचे पाणी देतो. हा प्रसंग करुण आहे यात शंका नाही. पण त्याची करुणा योगायोगावर उभी नाही. हक्काचा दावा सोडल्यानंतरच श्रोत्री हे वाक्य उच्चारू शकले, हे त्यातील मर्म आहे. वंशाचे प्रतिनिधी म्हणून ते जे बोलू शकले नाहीत ते वंश गमावलेला म्हातारा म्हणून त्यांनी सांगितले. 'वंशवृक्ष'वर परंपरावादाचा आक्षेप वारंवार घेतला गेला आहे, आणि कात्यायनीच्या वाट्याला आलेली शारीरिक व मानसिक यातना पाहता तो निराधार म्हणता येत नाही. लेखकाने तिला शिक्षा केली असे वाचकाला वाटते. परंतु कथानकाचा शेवट विचारात घेतला तर शिक्षा देण्याचा अधिकार ज्या वंशाच्या नावाने चालत होता, तो वंशच रिकामा निघतो. कादंबरीचे विधान आणि तिच्या नायकाचे विधान यांत अंतर आहे. आक्षेप घेणारे आणि गौरव करणारे असे दोन्ही पक्ष ते अंतर पुष्कळदा दृष्टीआड करतात.

उमा कुलकर्णी यांनी केलेल्या या कादंबरीच्या मराठी अनुवादाला १९८९ चा साहित्य अकादेमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला, आणि महाराष्ट्रात भैरप्पांचा मोठा वाचकवर्ग निर्माण झाला. मराठी वाचकाला नंजनगूडचे घर परके वाटत नाही याचे एक कारण उघड आहे: 'वंश', 'श्राद्ध', 'गोत्र', 'संन्यास' ही सर्व परिभाषा अनुवादात जशीच्या तशी उतरते. पण या सहज ओळखीत एक धोकाही आहे. परिभाषा सारखी म्हणून अनुभवही सारखाच, असे मानून वाचक श्रोत्रींच्या बाजूला नकळत जाऊन बसतो, आणि ज्या शब्दाची परिभाषाच नाही ते कात्यायनीचे घर त्याला दिसेनासे होते.

४

आई-बापांजवळ आठवण राखण्याचे सामर्थ्य असते, तसे ती पुसण्याचेही असते. यू. आर. अनंतमूर्ती यांची 'घटश्राद्ध' ही कथा या दृष्टीने महत्त्वाची आहे. ती १९६३ साली 'प्रश्ने' या संग्रहात आली. गिरीश कासारवळ्ळी यांनी तिच्यावर केलेल्या १९७७ च्या चित्रपटाला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. वेदपाठशाळा चालविणाऱ्या उडुपांची तरुण विधवा मुलगी यमुना गरोदर राहते. समाजाच्या दडपणाखाली बाप तिचे घटश्राद्ध घालतो, म्हणजे जिवंत मुलगी आपल्यापुरती मेली असा विधी करतो. मराठी वाचकाने येथे आपल्याच एका शब्दाकडे पुन्हा पाहण्यासारखे आहे. आज 'घटस्फोट' हा शब्द आपण पतिपत्नींच्या कायदेशीर विभक्तीसाठी वापरतो. मुळात तो याच जातीच्या विधीचा, बहिष्कृताच्या नावाने पाण्याचा घट फोडण्याचा शब्द आहे. विधीचा उद्देश घरातून माणूस घालविणे एवढाच नसतो. त्याची आठवणही घराला राहू नये, असा तो बंदोबस्त असतो. अनंतमूर्तींनी ही कथा पाठशाळेतील एका लहान मुलाच्या नजरेतून सांगितली आहे. बापाने विधिपूर्वक पुसलेली मुलगी त्या परक्या मुलाच्या स्मरणात राहते. घरचा नसलेला मुलगाच घराचा साक्षीदार होतो.

भैरप्पांच्या 'गृहभंग' (१९७०) या कादंबरीतील नंजम्मा ही याच प्रश्नाची दुसरी बाजू आहे. पती चेन्निगराय शानभोग, म्हणजे आपल्याकडील कुलकर्णी. पण तो नाकर्ता. गावाच्या जमिनीचे हिशेब नंजम्मा लिहिते. पद त्याचे, अक्षर तिचे. सासू आणि दीर यांच्या अविचाराने घरची जमीन गहाण पडते आणि जाते. कोणती जमीन कोणाच्या नावे आहे याची गावभरची नोंद जिच्या हातची, तिच्या स्वतःच्या नावे काहीच नसते. या विरोधाभासावर लेखक कोठेही भाष्य करीत नाही. हिशेबाच्या वह्या तेवढ्या पुनःपुन्हा येत राहतात. पुढे प्लेग येतो. म्हैसूर संस्थानात १८९८ पासून या रोगाने थैमान घातले होते. म्हैसूर शहराची पुनर्रचना करणारे नगरसुधारणा मंडळ १९०३ साली स्थापन झाले त्यामागे ती साथ होती. खेड्यांत उपाय एकच: उंदीर पडू लागले की घरांना कुलपे लावून गावाबाहेर झोपड्यांत राहायला जाणे. घर हेच जेथे मृत्यूचे ठिकाण होते अशा काळाची ही कादंबरी आहे. मुले दगावतात, नंजम्माही जाते. उरलेल्या विश्व या मुलाला अखेर आधार मिळतो तो भिक्षेवर राहणाऱ्या महादेवय्यांचा, ज्यांना स्वतःचे घर नाही. भैरप्पांनी स्वतः लहानपणी आई आणि भावंडे प्लेगमध्ये गमावली होती. 'भित्ती' या आत्मचरित्रात त्यांनी ती हकीकत सांगितली आहे. आणि त्या ग्रंथाचे नावच 'भिंत' या अर्थाचे असावे, हेही अर्थपूर्ण वाटते. २०२५ साली ते निवर्तले, तेव्हा नंजम्माची गोष्ट सांगणारा वारस गेला, असे म्हणता येईल.

५

'द व्हेंडर ऑफ स्वीट्स'मध्ये स्वर बदलतो. जगन हा मिठाईचा दुकानदार, गांधीजींचा अनुयायी, विधुर. त्याचा मुलगा माली लेखन शिकण्यासाठी अमेरिकेला जातो आणि ग्रेस नावाच्या तरुणीला घेऊन परततो. त्यांचा विवाह झालेला नाही हे कळल्यावर जगन वडिलोपार्जित घरातील दोन भागांमधला रस्ता बंद करून टाकतो. घर एकच, छप्पर एकच. पण बाप आणि मुलगा यांच्यामध्ये दार लागलेले. आपल्याकडे वाटण्या झाल्या म्हणजे ओसरीवर भिंत उठते, त्या भिंतीशी या दाराचे नाते आहे. फरक एवढाच की येथे वाटणी मिळकतीची नाही, सोवळ्याची आहे. श्रोत्रींचा वंशविचार नारायणांच्या हातात विनोदी रूप घेतो, पण त्याचे मूळ तेच आहे.

जगन आपल्या लग्नाच्या आणि तरुणपणाच्या आठवणींत शिरतो तो प्रसंग कादंबरीच्या अखेरीस येतो. तेव्हा तो घरात नसतो. समोरच्या सर फ्रेडरिक लॉली यांच्या पुतळ्याच्या चौथऱ्याजवळ बसून तो आपल्या घराकडे पाहत असतो. एका साम्राज्याच्या अधिकाऱ्याच्या पुतळ्याच्या सावलीत बसून एक गांधीवादी आपले घर आठवतो, यातील उपरोध नारायणांच्या पद्धतीचाच आहे. मात्र त्याहून महत्त्वाचे हे की, घराची हकीकत त्याला पूर्णपणे आठवते ती घराबाहेर आल्यावर, आणि ती ऐकायला माली तेथे नसतो. आईचे लग्न कसे झाले, मूल व्हावे म्हणून कोणत्या डोंगरावरच्या देवाला जाऊन नवस केला, हे मालीला कोणी सांगितल्याचे दिसत नाही. मुलाला सांगण्याजोगे सर्व काही या बापाजवळ होते. पण त्याने मुलाला दिले ते दुकान, पैसा आणि काळजी. नदीपलीकडे जाताना जगन धनादेशांचे पुस्तक बरोबर ठेवतो आणि ग्रेसच्या परतीच्या प्रवासाचा खर्च देऊ करतो. श्रोत्रींच्या त्यागाशी तुलना करता हा त्याग अर्धवट आहे, हे खरे. पण परक्या देशातून आलेल्या, घरात जिचे कोणतेही स्थान ठरलेले नाही अशा मुलीची जबाबदारी तो घेतो. वंशाचा विचार ज्याला करता आला नाही त्याने माणुसकीचा केला, एवढे श्रेय नारायण त्याला देतात.

६

या दोन कादंबऱ्यांतील मौनाच्या पार्श्वभूमीवर 'श्यामची आई' वाचली की तिचे रूपच वेगळे दिसू लागते. साने गुरुजींनी हे पुस्तक १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिले. कोकणातील पालगडचे एकेकाळी संपन्न असलेले खोताचे घराणे. कर्ज वाढत जाते, भाऊबंदकीत एकत्र घर सुटते, आणि कुटुंब त्याच गावातील आईच्या माहेरच्या घरात राहू लागते. आईला हे सोसत नाही. बापाच्या घरात राहण्यापेक्षा साधी झोपडी असली तरी ती आपली असावी, असा तिचा आग्रह आहे, आणि तशी झोपडी उभी राहते. मराठी वाचकाने हा प्रसंग स्वाभिमानाचा पाठ म्हणून वाचला आहे, आणि तो तसा आहेच. पण त्याचबरोबर तो माहेर या शब्दाची परीक्षा घेणारा प्रसंग आहे. माहेर एकाच गावात, हाकेच्या अंतरावर. तरी विवाहित स्त्रीला ते भेटीपुरतेच घर. ज्या शब्दाभोवती स्त्रियांनी एवढी गाणी रचली त्या घरात मुक्काम लांबला की लाजिरवाणे व्हावे लागते. श्यामच्या आईने मागितलेली झोपडी ही, मागे म्हटल्याप्रमाणे, ज्याला भाषेने नाव दिलेले नाही त्या तिसऱ्या घराची मागणी आहे.

तीही झोपडी तिला कर्जापासून वाचवू शकत नाही. सावकाराचा माणूस दाराशी येतो, अपमान होतो, आजार बळावतो. आई जाते तेव्हा श्याम जवळ नसतो. चीनी आणि श्याम या दोन मुलांची येथे तुलना करावी. चीनी आईच्या मृत्यूच्या वेळी उपस्थित आहे, तिला पाणी देतो, पण त्याच्याजवळ तिची आठवण नाही. श्याम उपस्थित नाही, पण त्याच्याजवळ आईच्या आयुष्यातील लहानसहान गोष्टी आहेत: तिने काय रांधले, कशासाठी रागावली, कोणत्या वेळी गप्प राहिली. पहिल्याला घर आणि मिळकत वारशाने मिळणार होती. दुसऱ्याला कर्जच मिळाले. तरीही आई कोणत्या घरची, या प्रश्नाचे उत्तर श्यामच देऊ शकतो.

असे का घडले, याचे कारण पुस्तकाच्या बांधणीतच आहे. श्याम आपल्या सोबत्यांना रात्रीमागून रात्र गोष्ट सांगतो. प्रकरणांना रात्रींचा क्रम आहे. कीर्तन, पुराणश्रवण, आजीच्या गोष्टी या सर्वांचा मराठी घरातील जो वारसा, त्याचाच हा विस्तार. आठवण येथे मनात साठविलेली वस्तू राहत नाही. ती सांगितली जाते, ऐकणारे प्रश्न विचारतात, दुसऱ्या रात्री ती पुढे सुरू होते. सांगणारा घरी नाही, लिहिणारा तर तुरुंगात आहे, आणि ज्या घराविषयी सांगितले जाते ते उरलेलेही नाही. परंतु सांगणे चालू आहे तोवर आई बेघर नाही. आचार्य अत्र्यांनी केलेल्या चित्रपटाला १९५४ साली राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक मिळाले, तेव्हा हे सांगणे आणखी एका माध्यमात पोचले. या पुस्तकावर भावविवशतेचा आक्षेप आहे. तो मान्य करूनही असे म्हणावे लागते की, ज्या गोष्टी श्रोत्रींच्या घरात कागदात बंद राहिल्या आणि जगनच्या घरात त्याच्या एकट्याच्या मनात, त्या येथे मोकळ्या आवाजात बोलल्या गेल्या. आणि अशा बोलण्यात डोळे भरून येणे अस्वाभाविक नाही.

७

हा विचार पुढील मराठी कादंबरीला कितपत लागू पडतो, हे भालचंद्र नेमाडे यांच्या 'हिंदू : जगण्याची समृद्ध अडगळ' (२०१०) या कादंबरीवरून पाहता येईल. पुरातत्त्वाचा अभ्यासक खंडेराव मोहेंजोदारोच्या परिसरातून वडिलांच्या आजारामुळे मोरगावला परततो. येथे हक्क आणि आठवण प्रथमच एका माणसाच्या अंगावर येतात: तो वारस आहे आणि स्मरण करणाराही तोच आहे. 'अडगळ' हा शब्द घरातलाच. जे वापरात नाही पण टाकवतही नाही ते ज्या कोपऱ्यात ठेवतात, ती. खंडेरावाला हा दुहेरी भार पेलताना जी दमछाक होते तिच्यावरून लक्षात येते की, पूर्वीच्या कृतींनी या दोन गोष्टी वेगळ्या का ठेवल्या होत्या.

भारतीय साहित्याच्या तौलनिक अभ्यासात घर या विषयाकडे परंपरा आणि आधुनिकता यांच्या संघर्षाचे रणांगण म्हणून पाहण्याची सवय झाली आहे. त्या सवयीमुळे श्रोत्री म्हणजे परंपरा, कात्यायनी म्हणजे आधुनिकता, जगन म्हणजे जुने आणि माली म्हणजे नवे, अशी वाटणी चटकन होते. वर पाहिलेल्या कृती या वाटणीत बसत नाहीत. श्रोत्रींना परंपरेनेच घराबाहेर काढले. कात्यायनीला नव्या घरातही जुने मूल विसरता आले नाही. श्यामच्या आईने जुन्याच मूल्यांच्या आधारे स्वतःच्या घराची नवी मागणी केली. आई-बापांचे घराशी असलेले नाते हे त्यांच्या पिढीवरून किंवा मतांवरून ठरत नाही. ते कोणत्या बोलण्यातून टिकले आणि कोणत्या मौनात तुटले, हे प्रत्येक कृतीत स्वतंत्रपणे तपासावे लागते.

अनुवादकाच्या दृष्टीने यातून एक व्यावहारिक गोष्ट निघते. कन्नडमधील 'मने' मराठीत आणताना सर्वत्र 'घर' हा एकच शब्द पुरत नाही. बोलणारी सून आहे की सासरा, राहणारी आहे की आलेली, यावरून तेथे घर, घराणे, सासर किंवा बिऱ्हाड यांपैकी एक निवडावे लागते, आणि प्रत्येक निवडीबरोबर हक्काचा पक्ष बदलतो. कात्यायनी मुलाला न घेता परत फिरते ते घर तिचे कोण, हे मराठी अनुवादाच्या वाचकाला त्या एका शब्दावरून कळते. म्हैसुरात १९६९ साली भारतीय भाषा संस्थान स्थापन झाले. भाषांच्या तुलनेचे काम तेथे प्रामुख्याने व्याकरण आणि अध्यापन यांच्या अंगाने होत आले आहे. नातेसंबंध आणि निवास यांच्या शब्दांचा, कादंबऱ्यांतील प्रत्यक्ष वापरासह, दोन-दोन भाषांच्या जोडीने केलेला कोश तयार झाला, तर आई-बापांच्या घराविषयीचे हे प्रश्न अधिक नेमकेपणाने विचारता येतील. मराठी आणि कन्नड ही जोडी त्या कामासाठी सर्वांत सोयीची आहे. कारण सीमेच्या दोन्ही बाजूंना असंख्य घरांत या दोन्ही भाषा आजही एका छपराखाली बोलल्या जातात.